काळ्या पडद्यामागची सुईबाई

एकदा काय झालं, नदीकाठच्या कुरणगावात बाहुल्यांचा खेळ आला. दरवर्षीच यायचा. सुगी उरकली, खळी रिकामी झाली, की म्हातारा बाबुदा आपली बैलगाडी हाकत यायचा आणि आमराईत दोन पडदे बांधायचा. पुढचा पडदा लाल. त्याच्यामागे उभं राहून बाबुदा दोऱ्या ओढायचा. आणि बाबुदाच्याही पाठीमागे दुसरा पडदा, काळा. बाहुल्या त्या काळ्या पडद्यामागून यायच्या आणि खेळ संपला की तिथंच जायच्या. तिकडे कुणी जायचं नाही. बाबुदासुद्धा नाही, बरं का. तो नुसता हात आत घालायचा, आणि हातात बाहुली यायची.

खेळ तरी कसा! आधी चंपावती नाचायची. मग धोंडू पैलवान यायचा आणि रोज हरायचा. मग गाढव गायचं. शेवटी जादूगार एक भोपळा गायब करायचा, आणि परत काही तो त्याला आणता यायचा नाही. "सापडला की कळवतो!" म्हणून निघून जायचा. माणसं हसून हसून आडवी व्हायची.

पण खरी मजा खेळ सुटल्यावर. माणसं घरी जायची का? छे. पारावर बसायची आणि काळ्या पडद्यामागे काय चालतं ते एकमेकांना सांगायची. जसं काही रोज तिथं जेवायलाच जातात!

"चंपावतीचं आणि गाढवाचं बोलणं बंद आहे," भिकू तेली म्हणायचा. "म्हणून तर ती नाचायला लागली की ते आतून मुद्दाम खोकतं."

"आणि पैलवान? तो आत उशी घेऊन रडतो," पारूकाकू म्हणायची. "मोठी उशी. गुलाबी खोळीची."

"खोळ कुणी शिवली गं, तू?"

"आणि एवढ्या वर्षांचे भोपळे साठलेत आत! पाय पसरायला जागा नसेल बिचाऱ्यांना."

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी चंपावती नाचायला लागली की गाढव खरंच आतून खोकायचं. पैलवान लाल डोळ्यांनी यायचा. काळा पडदा खालून गोल गोल फुगायचा. "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणत माणसं टाळ्या पिटायची. त्यात भिण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

भ्यायची ती एकटी सगुणा. सगुणा म्हणजे गोदूची आई. तिला विहिरीची भीती, बैलाच्या शिंगांची भीती, चिंचोक्याचीही भीती, कारण चिंचोका घशात अडकतो. आपण उगाच भितो हे तिला कळायचं. कळून काही उपयोग होत नाही, हेही कळायचं.

आणि गोदू? तिला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. जेमतेम आईच्या कमरेएवढी पोर. सकाळी म्हणाली, "आई, मी काळ्या पडद्यामागे जाऊ?" सगुणा म्हणाली, नाही. दुपारी म्हणाली, "नुसतं डोकं घालून बघू?" सगुणा म्हणाली, अजिबात नाही. संध्याकाळी सगुणा भाकऱ्या थापत होती, धूर डोळ्यांत जात होता, आणि पुन्हा तेच. "आई, एकच डोळा घालून बघू?"

मग सगुणानं काय केलं, तर गोष्ट रचली.

"आत सुईबाई असते," ती म्हणाली. "ताडाएवढी उंच. पांढरे लांब हात. हातात दाभणाहून मोठी सुई. पडदा ओलांडून मूल आत आलं, की ती त्याला मांडीवर घेते आणि दोरे शिवते. आधी कपाळाला. मग कोपराला. मग गुडघ्याला. तिसरा दोरा शिवला की मुलाचं लाकूड होतं. मग वरून कुणी ओढील तसं ते नाचतं."

इतकं रंगवून सांगितलं, की तिच्याच अंगावर काटा आला. गोदू गप्प झाली. चला, सगुणाला वाटलं, आता ही जायची नाही. मग वाटलं, जरा जास्तच झालं का? पण तव्यावर भाकरी करपत होती, आणि त्या गडबडीत हा विचार राहून गेला.

गोदूनं ते पोरांना सांगितलं. पोरांनी पारावर सांगितलं. "सुईबाई! वा, झकास!" म्हणून माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला. गाढवानं गायला तोंड उघडलं, आणि गाणं मध्येच तुटलं. काळ्या पडद्याच्या वरून एक हात खाली आला. पांढरा. लांब. येतोय, येतोय, संपतच नव्हता. त्यात सुई चकाकत होती. हातानं गाढवाची मान चिमटीत धरली आणि त्याला अलगद वर उचलून आत नेलं. मागं कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं.

बाबुदा लाल पडद्यापुढे आला. तोंडावरचा रंग उडालेला.

"कोण बोललं हे?" तो म्हणाला. "या पडद्यामागचं जे बोलाल, आणि ऐकणारा खरं मानील, ते आत राहायला येतं. आजवर तुम्ही हसण्यासारखं बोललात, मीही हसून घेतलं. ही बाई कुणी पाठवली?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सगुणानं गोदूचा हात एवढा घट्ट धरला की गोदू ओरडली, "आई गं!"

"उद्या मी गाडी जुंपतो," बाबुदा म्हणाला. "आतल्यांचं काय व्हायचं ते होवो. मी तिकडे हात घालणार नाही."

मग दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. टळटळीत ऊन. झाडाचं पान हलत नव्हतं. सगुणानं ताट वाढलं आणि हाक मारली. गोदू नाही. परसात बघितलं. नाही. विहिरीत वाकून बघितलं, बघताना डोळे मिटले, मग उघडले. नाही.

"अगं, ती मघाशीच आमराईकडे गेली," शेजारून पारूकाकू म्हणाली. "काखेत चिंध्यांची ठकी होती. म्हणाली, ठकीचा हात तुटलाय, आईला शिवायला वेळ नसतो. सुईबाईकडे मोठी सुई आहे, तिच्याकडून शिवून आणते."

बघा बरं! जिचं नाव ऐकून पोरीनं भ्यावं, तिच्याकडेच पोर ठकी घेऊन गेली.

सगुणा धावत सुटली. आमराईत चिटपाखरू नव्हतं. बाबुदा बैल धुवायला नदीवर गेला होता. काळा पडदा तसाच टांगलेला. वारा नव्हता, तरी हलत होता. सगुणानं विचार केलाच नाही, कारण केला असता तर पाऊल उचललं नसतं. पडदा वर केला आणि ती आत शिरली.

आत दुपार नव्हती. डोळे गच्च मिटल्यावर दिसतो तसा अंधार होता. आधी लागला भोपळ्यांचा डोंगर. पाय ठेवला की भोपळे घसरायचे, आणि प्रत्येक भोपळ्याचा आवाज व्हायचा, गडगड, गडगड. ती सरपटत पलीकडे गेली. मग दिसले गाढव आणि चंपावती. बोलणं बंद असलेले दोघं पाठीला पाठ लावून थरथरत बसले होते. गाढवाचं तोंड शिवलेलं होतं. चंपावतीनं ओठांवर बोट ठेवलं आणि पुढची वाट दाखवली. मग भेटला धोंडू पैलवान. पोटाशी गुलाबी उशी.

"हळू बोला, ताई," तो म्हणाला. "ती शिवतेय."

"ती खरी नाही हो! मी मागे घेते माझे शब्द!"

"बोललेलं मागे जात नाही, ताई. मी रडत नाही असं मी कधीचा म्हणतोय, गेलं का माझं रडणं? वर काही जोडता येतं, तेवढंच. पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटलं पाहिजे."

आणि समोर सुईबाई होती. बसूनही ताडाएवढी. सांगितली तश्शी. सगुणानं मान वर केली आणि ओरडायचंच विसरली. सुईबाईला चेहरा नव्हता. सारवलेल्या भिंतीसारखं सगळं सपाट. असणार कसा? सगुणानं तो सांगितलाच नव्हता.

मांडीवर गोदू होती. कपाळाला एक दोरा. कोपराला दुसरा. सुई गुडघ्याकडे वळली होती.

"आई," गोदू म्हणाली. आवाज लाकडावर लाकूड आपटावं तसा. "दुखत नाही गं. काहीच लागत नाही."

याचंच सगुणाला सगळ्यात जास्त भय वाटलं.

"गोदू, ऐक, सुईबाई नाहीच आहे!"

"आहे की," गोदू म्हणाली. सुई खाली आली.

"सुईबाईला झोप लागली!"

"खोटं." सुई आणखी खाली आली.

"सुई मोडली तिची!"

"खोटं गं आई. चकाकतेय बघ." सुई गुडघ्याला टेकली.

सगुणाला पुढचं काही रचता येईना. ती मटकन खाली बसली आणि मनात जे होतं तेच बोलली.

"गोदू, सुईबाई दोरे का शिवते ठाऊक आहे? तिला भीती वाटते. मूल विहिरीत वाकेल. बैलापुढे जाईल. कुठंतरी निघून जाईल आणि सापडणार नाही. दोरा असला की ओढून जवळ घेता येतं. म्हणून ती दिवसभर भिते, आणि शिवते."

गोदूनं विचार केला. सुई थांबली.

"तुझ्यासारखी?"

"माझ्यासारखी."

"मग तिचं तोंडपण तुझ्यासारखंच असणार," गोदू म्हणाली. आणि ते तिला अगदी खरं वाटलं.

मग त्या सपाट जागेत आधी डोळे आले, जागून जागून खोल गेलेले. मग नाक आलं, चमकीसकट. मग ओठ. सगुणाचाच चेहरा, गाडीच्या चाकाएवढा, अंधारातून खाली बघत होता. सगुणा जन्मात इतकी भ्याली नव्हती. आपण घाबरल्यावर असे दिसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पण तो चेहरा तिच्याकडे बघत नव्हता. आता त्याला डोळे होते, आणि ते गोदूकडे बघत होते.

"दुखतंय का गं?" सुईबाईनं विचारलं. सगुणाच्या आवाजात.

तुम्हांला ठाऊक आहे ना? पडलं तरी आपण गप्प असतो, आणि आईनं विचारलं की मग भोकाड पसरतो. गोदूचा ओठ हलला. "हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय!" आणि रडायला लागली. चांगलं ओलं, शेंबडं रडणं.

सुईबाईच्या हातातून सुई गळाली. कात्री तिच्याकडे नव्हती, कात्रीचं कुणी बोललंच नव्हतं. पण आता तिला तोंड होतं, तोंडात दात होते. ती खाली वाकली आणि बटण लावून झाल्यावर आया करतात तसा तिनं दातानं दोरा तोडला. तट्! कपाळाचा. तट्! कोपराचा. आणि गोदूला उचलून सगुणाच्या ओटीत ठेवलं.

सगुणा पोरीला घेऊन भोपळ्यांवरून पळत सुटली. पैलवानानं पडदा वर धरला. बाहेर तीच दुपार, तेच ऊन. ठकी गोदूच्या मुठीत होती, हात शिवलेली. टाका मात्र बारीक होता हं, एवढं म्हणावंच लागेल.

बाबुदानं गाडी जुंपायची राहू दिली. पारावरच्या माणसांनी सगुणाला विचारलं, आत काय आहे? सगुणा जरा थांबली. आता ती जपून बोलायची.

"एक बाई आहे," ती म्हणाली. "आतल्या सगळ्यांचे कपडे शिवते. आणि काळजी जरा जास्तच करते."

सगळ्यांना ते पटलं. त्या संध्याकाळी गाढव पुन्हा गायलं, तोंड मोकळं, गळ्याला मफलर. पैलवान कुस्तीला आला तो कानटोपी घालून. तरीही हरला, पण सर्दी म्हणून झाली नाही त्याला. मग कुरणगाव सुखात राहिलं, गोदू सुखात राहिली, सगुणाही राहिली, भीत भीत का होईना.

झालं. आता कूस बदला आणि डोळे मिटा. पांघरूण मी घालते. नाही रे बाबांनो, सुई नाही माझ्याकडे. हे बघा, दोन्ही हात रिकामे.