लिहिलेलं तेवढंच

नगरचे प्रोटेस्टंट उपदेशक शलमोनराव भांबळ यांना वाटे, बायबल देवानं खास त्यांच्याच खिशात ठेवायला दिलंय. त्यांच्या पुतण्याचं लग्न वसईच्या कॅथलिक मुलीशी ठरलं. आदल्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बायका नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीकडे निघाल्या, तर वऱ्हाडाबरोबर आलेले हे महाशय दारात आडवे!

"हे बायबलात कुठं लिहिलंय? न लिहिलेला एक जरी रिवाज केलात, तर वऱ्हाड परत नेईन!"

बँड थांबला. नवरीच्या बापाचं तोंड उतरलं. नवरीची बिनलग्नाची थोरली बहीण एर्मेलीन हिनं घागर खाली ठेवली.

"बरोबर आहे, काका. लिहिलंय तसंच करू. याकोबानं धाकट्या राहेलीसाठी सासऱ्याकडे सात वर्षं चाकरी केली. तुमचा पुतण्याही उद्यापासून आमच्या केळीच्या बागेत राबू दे."

"आणि मग लग्न?" शलमोनराव चाचरले.

"मग सासऱ्यानं आधी थोरलीच गळ्यात मारली. लिहिलंय ना? या घरातली थोरली मी."

शलमोनरावांनी खिशातलं बायबल काढून पानं चाळायला घेतली. त्यांच्या मागे उभ्या नवरदेवानं मात्र झटकन घागर उचलली.

"ताई, विहीर कुठं आहे?"