रविवारचं पाणी

“मग मॉडेलचं ऐकू की नको, फादर? एवढंच सांगा.”

फादर लोपीस चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून नुकतेच घरी आले होते. ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

समोर उभे होते डॉ. मेघश्याम वाळिंबे, प्रदूषण खात्यातले वरिष्ठ शास्त्रज्ञ. सरकारने आपल्या शास्त्रज्ञांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा शिकवायला बोलावलं ते फादरना. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस. त्या वर्गात वाळिंबे पहिले आले, आणि तेव्हापासून साहेबांची मान जरा ताठच असायची. आज मात्र ती खाली गेली होती.

“तुझं ते संगणकाचं मॉडेल काय म्हणतं?”

“उद्या नदीचं पाणी घ्यायला हरकत नाही म्हणतं. अगदी ठामपणे.”

“आणि तू?”

“मला… भीती वाटते.”

भीती वाटण्यासारखंच होतं. नदीवरचे पंप दुरुस्तीसाठी बंद होते, ते उद्या पहाटे सुरू व्हायचे होते. शहर तहानलेलं. पाणी घ्या किंवा घेऊ नका, हे वाळिंब्यांनी आज संध्याकाळच्या आत कळवायचं होतं. आणि इकडे येताना पुलावरून त्यांना पाण्यावर फेस दिसला होता. बंधाऱ्याखाली फेस असतोच, अशी ते वाटभर स्वतःची समजूत घालत आले. पण मन काही ऐकेना.

“मॉडेल मी स्वतः बनवलंय, फादर. कित्येक वर्षांचे नमुने त्याला दिलेत. एक आकडा गाळला नाही.”

“नमुने कोण घेतं?”

“आमचीच माणसं.”

“कधी?”

“रोज. म्हणजे… कामाच्या दिवशी.”

“रविवारी?”

“रविवारी सुट्टी असते, फादर.”

“आम्हाला नसते,” फादर हसले. “नदीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला सुट्टी असते ते?”

वाळिंब्यांना पुलावरून दिसलेला फेस आठवला.

ठाऊक नसायला काय झालं! शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. फक्त पहिल्या नंबराने पास झालेल्या शास्त्रज्ञाच्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं. बिचाऱ्या मॉडेलने सोमवार ते शनिवारची नदी तोंडपाठ केली होती. रविवारी सोडलेली घाण पहाटे पंपांपाशी पोचते आणि सोमवारचा नमुना घेईपर्यंत पुढे वाहून जाते; असा रविवार त्याने जन्मात पाहिला नव्हता.

फादरनी सुपातली एक शेंग उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

“आतला दाणा किडका आहे?”

“सोलल्याशिवाय कसं सांगू?”

“बाकीच्या सगळ्या चांगल्या निघाल्या.”

“त्या बाकीच्या झाल्या. या शेंगेचं मला…”

“बोल.”

“…माहीत नाही.”

“हेच फोनवर सांग.”

सांगणं सोपं होतं थोडंच! उभ्या नोकरीत वाळिंब्यांनी हे दोन शब्द वरिष्ठांपुढे उच्चारले नव्हते, हाताखालच्यांपुढे तर नाहीच. फोन त्यांनी दोनदा खिशातून काढला, दोनदा ठेवला. शेवटी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला लावला.

“तांडेल, उद्याच्या पाण्याचं… मला माहीत नाही.”

“साहेब, हो की नाही ते सांगा ना. माहीत नाही म्हणजे काय?” तांडेल एवढ्या मोठ्याने बोलत होते की फादरनाही ऐकू जात होतं.

“म्हणजे पंप सुरू करू नका. आज मी स्वतः जाऊन नमुना घेतो. उद्या प्रयोगशाळा उघडली की तपासतो. रात्रीपर्यंत नक्की सांगेन.”

“रात्रीपर्यंत? अहो, बायका हंडे घेऊन माझ्या दारात बसतील!”

वाळिंब्यांनी डोळे मिटून घेतले.

“त्यांना माझ्या दारात पाठवा.”

फोन ठेवला तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. बरं वाटेल अशी आशा होती, पण भीती होती तशीच होती.

फादर पुन्हा शेंगा सोलू लागले.

“फादर… आणि उद्या पाणी स्वच्छ निघालं तर? अख्खं शहर उगाच तहानलेलं ठेवलं म्हणून माझी छी-थू होईल.”

“होईल.”

“मग मी काय करू?”

“देवाचे आभार मान. आणि पुढच्या रविवारी पुन्हा घाबर.”