कराळमुखाची घोरपड

एका राज्यात, ज्याचं नाव सांगून तुम्हाला तिथली वाट सापडायची नाही, माणसं लढत नसत. त्यांची जनावरं लढत. राजा धृतिसेनाला झुंजीचा भारी नाद. मांत्रिकांचे मंतरलेले प्राणी आखाड्यात उतरत. कुणी आग ओकी, कुणी धुक्यात विरून जाई. जो हरेल तो जागच्या जागी दगड होई, आणि त्याला हरवणारा पुढे कधी हरला, तरच तो पुन्हा जिवंत होई. दसऱ्यापर्यंत जो उठला नाही, त्याचा दगड आखाड्याच्या तटात चिणायचा, अशी वहिवाट होती.

त्या राज्यात कराळमुख नावाचा मांत्रिक होता. त्याची घोरपड झुंजीत एकदा रूप पालटी. आगीने मारावं तर ती पाण्याची होई, पाण्याने मारावं तर वेलींची. केव्हा पालटेल आणि कशाची होईल, याचा थांग लागत नसे. तिला हरवणारा अजून जन्मायचा होता, आणि आखाड्यात दगडांची दाटी झाली होती.

त्यातला एक दगड म्हणजे कुरंगी नावाच्या तरुण मांत्रिकिणीचा मुंगूस, भुरक्या. डोळेही उघडले नव्हते तेव्हापासून तिने त्याला वाढवलं होतं. रोज सकाळी ती त्याच्या दगडी पाठीवरची धूळ पुसे आणि त्याच्याशी बोलत बसे. दसरा उद्यावर आला, तशी तिने राजसभेत दाद मागितली.

सेनापती म्हणाले, "रूपपालटावर बंदी घाला. ही झुंज नव्हे, फसवणूक आहे."

राजगुरू म्हणाले, "बंदी कशाला? कोणतं रूप घेणार ते आधी जाहीर करावं, म्हणजे झालं."

महाराणी म्हणाल्या, "परवा निद्रामंत्रावर बंदी घातलीत, काल विषारी नखांवर. उद्या काय, शेपटीवर घालाल?"

सभा हसली. वाद असा काही रंगला, की ज्या मुंगसापायी तो सुरू झाला त्यालाच सगळे विसरले.

अखेर राजा म्हणाला, "मुली, आखाड्याच्या भारद्वाजाला विचार. फिर्यादीला तीन प्रश्नांचा हक्क आहे."

हा पक्षी राजाच्या पणजोबांहून वयाने मोठा. तो खोटं बोलत नसे, आणि विचारल्यापेक्षा एक अक्षर जास्त सांगत नसे. दरबारी मंडळींना हे दोन्ही गुण झेपत नसत, म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. राजाने त्याला सभेत बोलावलं.

कुरंगीने विचारलं, "रूपपालटावर बंदी आली, तर माझा मुंगूस उठेल?"

"नाही."

"घोरपड हरली, तर?"

"तो उठेल. ती दगड होईल."

सभेत एकच गलका झाला. "मर्म विचार! घोरपडीचं मर्म विचार!"

कुरंगीने कराळमुखाकडे पाहिलं. तो घोरपडीच्या गळ्याखाली खाजवत होता, आणि दुसऱ्या हाताने तिला उपरण्याखाली झाकू पाहत होता. तिला नवल वाटलं. जो कधी हरलाच नाही, त्याला भीती कसली? शेवटचा प्रश्न जिभेवर आला होता तो तिने गिळला आणि दुसराच विचारला.

"हरलेल्याने दगड व्हावं, हा नियम कुणाचा?"

"देवाचा! हे काय विचारणं झालं?" सेनापती ओरडले.

"या सभेचा," भारद्वाज म्हणाला.

राजा सिंहासनावरून अर्धा उठला. "मग तो मोडतो कसा?"

"केला तसा. सभेने हात वर करून."

"आणि हे आजवर सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

सेनापती हळूच म्हणाले, "पण दगडाचा धाक गेला, तर झुंजीत राम काय उरला?" हात काही कुणाचा वर होईना.

मग एक हात वर झाला. तो कराळमुखाचा होता.

"महाराज, ही अंड्यातून बाहेर आली ती माझ्या ओंजळीत. हिचा दगड होईल या धास्तीने मी रूपपालट शोधला. जिंकण्याची हौस मला कधीच नव्हती."

राजाने त्याच्याकडे पाहिलं, आणि स्वतःचा हात वर केला. मग महाराणींनी, मग राजगुरूंनी, आणि सगळ्यांच्या मागून कुरकुरत सेनापतींनी. बाहेर आखाड्यात दगड श्वास घेऊ लागले. कुरंगी धावत सुटली. भुरक्याने अंग झाडलं आणि तिच्या खांद्यावर उडी घेतली. ती सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली.

रूपपालटाचं काय करायचं, ते त्या सभेचं अजून ठरलेलं नाही. पण दसऱ्याला झुंज झाली. भुरक्याने घोरपडीला खेळवलं, दमवलं, तिला वेळेआधीच रूप पालटायला लावलं आणि मानेला धरून आडवं केलं. ती उताणी पडली. सवयीने सगळ्यांनी श्वास रोखला. घोरपडीने एक डोळा उघडला, कूस बदलली आणि खायला मागितलं.

कराळमुख आखाड्यात उतरून नाचू लागला. "हरली!" तो ज्याला त्याला मिठी मारून सांगत होता. "बघा हो, माझी पोर हरली!"