उसनं नख

"मग आता कारल्याचा रस लावून बघू का, माई?"

"कडुनिंबाचा लावला होतास, त्याचं काय झालं?"

"खाल्ला तिनं."

"आणि नखं?"

"तीही खाल्ली."

ठकूमाई हसल्या नाहीत. त्यांच्या मांडीवर ताट होतं आणि ताटात दुधात भिजवलेल्या रव्याचा गोळा. त्यातून ज्वारीएवढी गोळी तोडायची, अंगठ्याच्या नखानं दाबून अलगद ओढायची, की तिची इवलीशी वाटी वळायची. नखुले म्हणतात त्यांना. मठाच्या उत्सवाला याच नखुल्यांची खीर लागे, म्हणून महिनाभर आधीपासून माई आणि गावातल्या चारजणी दुपारी पडवीत बसत.

माई ऐंशीच्या पुढच्या. मठ त्यांचा. विश्वंभर त्यांचा शिष्य, तीन वर्षांपूर्वी आलेला. या तीन वर्षांत त्यानं मीठ सोडलं होतं, चहा सोडला होता, गादी सोडली होती. रागही सोडला होता, असं तो स्वतःच सांगे. रोज सकाळी तो गावातल्या पोरांचा वर्ग घेई. उत्सवानंतर माई हा वर्ग कायमचा आपल्या हाती देणार, याची त्याला खात्री होती. एवढी एक मंजुळा सुधारली की झालं.

मंजुळा आठ वर्षांची. नखं खायची ती पार मांसापर्यंत.

"वर्गात मी सगळ्यांना सांगून ठेवलंय," विश्वंभर म्हणाला, "तिचा हात तोंडाकडे गेला की एकदम ओरडायचं, 'हात!'"

"ओरडतात?"

"बावीसच्या बावीस."

ओरडणारच. गणितात एवढी मजा कुठली यायला?

"मग थांबली का?"

"वर्गात थांबली, माई. आता ती हात वरच करत नाही."

"उत्तर येत असलं तरी?"

पाढे तिला सगळ्यांच्या आधी यायचे. गेल्या महिन्याभरात ती एकदाही बोलली नव्हती, हे विश्वंभरच्या आत्ता ध्यानात आलं...

तेवढ्यात मंजुळाची आई आली. हौसा तिचं नाव. दारातच उभी राहिली.

"दादा, मंजी उद्यापास्नं वर्गाला यायची न्हाई."

"का?"

"जेवाय बसली तर हात फ्राकाखाली. परसादाला मूठ म्होरं करती, ती उघडत न्हाई. रातीला झोपंत वरडती, हात, हात म्हून. मी तिला शेळ्यांमागं धाडती. शेळ्या काय बोटं बघत न्हाईत."

विश्वंभरनं मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर आधी अपमान वाटला.

"आठ दिवस दे मला, हौसा," माई म्हणाल्या. "दुपारची पाठव. हाताखाली माणूस पाहिजे मला." मग विश्वंभरकडे वळून म्हणाल्या, "तू पण बस. रवा मळ. बोलायचं मात्र नाही."

दुसऱ्या दिवशी मंजुळा आली आणि हात मांडीखाली दाबून बसली. माईंनी ते बाहेर काढायला सांगितलं नाही. आपलाच उजवा हात तिच्यापुढे धरला.

"हे घे."

"काय?"

"अंगठा. मी सैल सोडते, तू चालव."

मंजुळा बघतच राहिली.

हळूच तिचे दोन्ही हात बाहेर आले. बोटांची टोकं लाल होती, सुजलेली होती, दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. विश्वंभरनं ती इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. त्याचं मळणं थांबलं.

मंजुळानं माईंचा सुरकुतलेला अंगठा दोन्ही हातांनी धरला, गोळीवर टेकवला आणि ओढला. गोळी फाटली. दुसरी नखाला चिकटली. तिसरी वळली.

"झालं!" मंजुळा ओरडली आणि स्वतःच्याच आवाजानं दचकली.

"चांगलं झालं," माई म्हणाल्या. "पण घरी करायचं तर माझा अंगठा कुठनं आणशील? तुझं एखादं नख लागेल."

हात पुन्हा मांडीखाली.

"दहा कशाला गं? एकावर भागतं. कुठलं ठेवतेस?"

मंजुळा विचारात पडली. तिच्या नखांबद्दल सगळे तिला सांगत आले होते, विचारलं कोणीच नव्हतं. बराच वेळ लावून ती म्हणाली, "डाव्या अंगठ्याचं."

"ठीक."

"आणि बाकीची?"

"बाकीची तुझीच आहेत."

विश्वंभरच्या ओठांवर शब्द आले होते. त्यानं ते गिळले; मीठ सोडलं तसे ते काही त्याला सोडता येत नव्हते.

"अजून एक काम," माई म्हणाल्या. "हात तोंडाकडे निघाला की बघून ठेव, कधी निघतो ते. थांबवायचं नाही. नुसतं बघायचं आणि मला येऊन सांगायचं. मला यातलं काही कळत नाही, तूच शिकव."

मंजुळानं ते फार मनावर घेतलं. रोज दुपारी आली की आधी बातमी द्यायची.

"काल झोपताना निघाला."

"बरं."

"आईला यायला उशीर झाला, तेव्हा पण."

"त्याच्या आधी पोटात काही होतं का?"

मंजुळानं आठवून बघितलं. "होतं. भूक लागल्यावर होतं ना, तसं. पण भूक नव्हती."

"मग काय केलंस?"

"अंगठा मुठीत लपवला. करंगळीचं खाल्लं."

"एकच?"

"एकच."

"शहाणी आहेस," माई म्हणाल्या आणि पुढची गोळी तिच्यापुढे ठेवली.

विश्वंभर रवा मळत राहिला. हे कसलं शिकवणं, असं त्याच्या मनात दहादा येऊन गेलं. पण पोरगी हसायला लागली होती, हेही त्याला दिसत होतं.

सातव्या दिवशी ती आली ती जरा गप्पच. माईंनी घाई केली नाही.

"सगळ्यात जास्त कधी निघतो, ते कळलं मला," शेवटी ती म्हणाली.

"कधी?"

मंजुळानं तिरक्या नजरेनं विश्वंभरकडे बघितलं, माईंच्या कानाशी वाकली आणि कुजबुजली. पण लहान पोरांचं कुजबुजणं ते, अख्ख्या पडवीला ऐकू गेलं.

"दादा बघतात तेव्हा."

बायकांचे हात जागच्या जागी राहिले.

विश्वंभरला उठून जावंसं वाटलं. औषध म्हणून तो इतके दिवस जे देत होता, तेच पोरीला बाधत होतं. तो उठायला लागला.

"बस," माई म्हणाल्या. "एक नखुला कर."

"मला येत नाही, माई."

"म्हणूनच म्हणते."

त्यानं गोळी घेतली. त्याची नखं दर रविवारी मुळापर्यंत कापलेली. तोही एक नेमच होता. नुसतं बोट फिरलं आणि गोळी ताटाला फासली गेली. दुसरी घेतली, ती तुटली. तिसरी बोटालाच चिकटून वर आली. चारजणींतल्या शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. बाकीच्या टक लावून बघत होत्या. तीन वर्षं मिठावाचून काढलेल्या माणसाला ज्वारीएवढ्या गोळीनं घाम फोडला. कान तापले आणि पोटात काहीतरी गोळा होऊन आलं... भूक नव्हती.

"बघू नका ना सगळ्याजणी!"

मंजुळा होती. चांगली ठणकावून बोलली.

"बघितलं की होत नाही."

शेवंताबाईंनी मुकाट्यानं आपल्या ताटात मान घातली. बाकीच्यांनीही घातली. माईसुद्धा वर वाशांकडे बघत बसल्या.

मंजुळा सरकत सरकत विश्वंभरजवळ आली आणि तिनं डावा अंगठा त्याच्यापुढे धरला. टोकाला पांढरी, बारीकशी कड आली होती.

"हे घ्या. हळू हं, नवीन आहे."

विश्वंभरनं तो अंगठा दोन बोटांत धरला. ऊन ऊन होता, रव्यानं चिकट झालेला. महिनाभर बावीस पोरांकडून त्यानं याच हातावर ओरडून घेतलं होतं आणि आता पोरगी तोच हात त्याला उसना देत होती. त्यानं जपून गोळीवर टेकवला. ओढला. वाटी वळली.

त्याचे डोळे भरून आले. लपवायची गरज नव्हती, कोणी बघतच नव्हतं.

"आला की!" मंजुळा म्हणाली. "अजून एक करा."

त्यानं अजून सात केले. दोन फाटले. मंजुळानं फाटलेलेही सुपात टाकले, खिरीत काही कळत नाही म्हणाली.

ऊन उतरल्यावर हौसा न्यायला आली. पायरी उतरता उतरता मंजुळा मागे वळली.

"दादा, उद्या सकाळी वर्ग आहे ना?"

"आहे," विश्वंभर म्हणाला. "ये."

बायका गेल्या. त्यानं ताटं गोळा केली, घासली, पालथी घातली. मग माईंच्या समोर येऊन बसला.

"उद्या पोरांना सांगतो, माई. 'हात' म्हणायचं बंद."

"सांग."

"चूक माझी होती, हेही सांगतो."

"सांग."

तो घुटमळला. विचारायचं होतं ते निराळंच होतं.

"आणि मी... मी तिच्याकडे बघू का नको?"

माईंनी लुगड्यावरचा रवा झटकला.

"बघ की. पण अख्खी पोर बघ."