सुंद्रायचा पहिला घाव

फार फार वर्षांमागची गोष्ट. आपल्या पणज्याच्या पणज्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हाची. डोंगराच्या उतारावर, खाडीच्या काठाला कुसुरकोंड नावाचं गाव होतं. घरं पायऱ्यांसारखी एकाखाली एक. वरच्याच्या पागोळ्यांचं पाणी खालच्याच्या अंगणात यायचंच, म्हणून डोंगरापासून खाडीपर्यंत अंगणाअंगणातून एक चर जायचा. पावसाळ्यात तो पाण्याचा. दिवाळीनंतर त्यात तांबडी माती भरायची, चोपून सपाट करायची, वर शेणानं सारवायचं. मग तिथंच भात झोडायचं, लग्नं लावायची, उन्हात पोरं लोळवायची. वैशाख सरत आला की कुदळ घेऊन चर पुन्हा उघडायचा. वरच्याचं पाणी खालच्यानं अडवायचं नाही, ही गावाची रीत.

दुसरीही एक रीत होती. गावातले पुरुष गलबतांवर जायचे. ज्या घरचं माणूस दर्यावर आहे त्या घरानं ते परतेपर्यंत अंगण खणायचं नाही. खणलेलं अंगण म्हणजे मोडलेली वाट. गलबतं वैशाखातच परतायची, म्हणून या दोन रीती एकमेकींच्या आड कधी आल्या नव्हत्या. एका वर्षी आल्या.

त्या वर्षी सगळी गलबतं आली, भैरू तांडेलाचं आलं नाही. त्याची बायको सुंद्रा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. जाताना तो म्हणाला होता, ‘आलो की अंगणात बसून पेज पिईन, आत नंतर येईन.’ असं म्हणतात, की सुंद्रा रोज संध्याकाळी अंगण सारवायची, मग तळहात टेकवून बघायची, कुठं खडा राहिला का. दर्यावरून आलेल्या माणसाचे पाय हुळहुळे असतात.

ज्येष्ठ लागला. सगळ्यांचे चर उघडले. वरच्या घरांचे उघडे, खालच्या घरांचे उघडे, मध्ये सुंद्राचं अंगण तेवढं आरशासारखं. मृग भुरभुरत निघून गेला. खालच्या घरची यमूआत्या अंगणाच्या दगडी गडग्यावरून ओरडायची, “काय गो सुंद्रा, उघडतेस का चर? का माझ्या चुलीत बेडूक शिजवायचा बेत हाय तुझा?”

“शिजवा की आत्या. मीठ मी देते.”

“मीठ देतेय! जिभेला हाड नाय मेलीच्या!” आणि दोघी हसायच्या. हसून झालं की दोघी खाडीकडे बघायच्या.

शेवटी गावचे प्रमुख, गावकर, स्वतः आले. पायरीवर बसून खाली बघत म्हणाले, “सुंद्रा, दर्या बंद झाला. आता नारळी पुनवेपर्यंत काय यायचं नाय, पोरी.”

“मी चर उघडला, तर तुम्ही काय समजाल, बाबा?”

गावकर उठून गेले. काय समजतील ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच तर दुसरं कोणी तिच्या अंगणाला कुदळ लावत नव्हतं. ते तिच्या बांगड्या फोडण्यासारखं झालं असतं.

मग आर्द्रा आली. असा पाऊस कोणी पाहिला नव्हता. भर दुपारी दिवे लावायची वेळ आली. डोंगरावरचं पाणी चरातून धावत खाली आलं आणि सुंद्राच्या अंगणाच्या तोंडाशी अडलं. चोपलेली माती हलेना. पाणी गडग्याशी चढत गेलं, कडेनं वळलं आणि यमूआत्याच्या मागच्या भिंतीला भिडलं. मातीची भिंत. तिच्या आत आत्याची सून बाळंतीण होती, कुशीत तान्हं होतं.

आत्या भिजत वर आली. एरवी गडग्यावरून ओरडणारी ती आज जवळ आली. मग म्हणाली, “चर उघड असं मी सांगणार नाय, सुंद्रा. बाळाला घेऊन कुठं जाऊ, तेवढं सांग.”

सुंद्रानं अंगणाकडे पाहिलं. त्या सारवणात तिचे किती दिवस होते! तिनं कुदळ घेतली. उगारली, तशी ती वरच राहिली. आपण अंगण मोडतोय हे दर्यावरच्या माणसाला सांगितल्याशिवाय तिचा हात खाली येईना. नवऱ्याचं नाव घ्यायचा तो काळ नव्हता. पण सुंद्रानं खाडीकडे तोंड करून सगळ्या गावादेखत हाक मारली, “भैरू तांडेलऽऽ!”

असं म्हणतात, की त्या हाकेसरशी पाऊस थबकला. थेंब होते तिथं, हवेत लोंबत राहिले. गावानं कान टवकारले. खाडीकडून काही आलं नाही. तेव्हा सुंद्रानं घाव घातला.

पुढचं सांगतात ते असं. तिची कुदळ लागेल तिथं मातीखालचा कातळही लोण्यासारखा फाटला. पाणी तिच्या पुढं गेलं नाही. दाव्याला धरलेल्या गाईसारखं तिच्या मागून चालत राहिलं. आत्याच्या भिंतीला चिकटलेलं पाणीसुद्धा मागं वळून त्या गाईत आलं. अंगणामागून अंगण उतरत सुंद्रा खाडीपर्यंत गेली, तिथं वाकून पाण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “तू पुढं जा. ते भेटले तर सांग, अंगण मोडलंय, पण घर जागेवर हाय.”

भैरू तांडेल आला नाही. त्या वर्षी नाही, पुढंही नाही. सुंद्रा म्हातारी झाली, सुंद्राय झाली. दर वैशाखात ती गावभर फिरायची, ज्या घरात कोणाची वाट बघणं चाललंय तिथं आधी जायची आणि म्हणायची, “चर उघडला म्हणून वाट बघणं संपत नाय गो. मी बघतेच हाय.” ती गेली त्या दिवशी म्हणे चरातलं पाणी आवाज न करता वाहिलं.

आता कुसुरकोंडात अंगणांना लाद्या आल्या आहेत, पण लादी बसवतानाही सुंद्रायच्या चराएवढी पट्टी मातीची सोडतात. त्या पट्टीवर सिमेंट ओतायला गावातला गवंडी तयार होत नाही. गलबतं गेली. माणसं मुंबईला आहेत, आखातात आहेत, मोठमोठ्या जहाजांवर आहेत. वैशाख सरताना घरोघर कुदळ निघते. ज्या घरचं माणूस लांब आहे ते घर आधी. काही घरांना कुलूप असतं, तिथला चर खालचा शेजारी उघडतो. कुदळ उगारायची, लांब असलेल्या माणसाचं पूर्ण नाव मोठ्यानं घ्यायचं आणि हात वरच ठेवून थांबायचं. कोणाला ‘ओ’ द्यायची असेल तर देता यावी, एवढा वेळ.

मग घाव घालायचा.