गोमाश्यांच्या गोठ्यातला जप

“माय, गोमाश्या चावू नयेत असा एखादा मंत्र आहे का हो?”

“आहे की.”

त्र्यंबक घाईनं पुढे सरकला. “कोणता?”

“शेपूट,” तानूमाय म्हणाली आणि शेणाची पाटी ठेवून हात धुवायला गेली.

त्र्यंबकला हसू आलं नाही. कसं येणार? पाठभर गांधी उठल्या होत्या. मानेवर, पोटऱ्यांवर रक्ताचे ठिपके वाळून काळे पडले होते. गोमाशी काही घरातल्या माशीसारखी नव्हे. ती बसल्याचं कळत नाही, आणि कळतं तेव्हा तापलेली सुई आत शिरलेली असते.

वैशाख ऐन भरात होता. डोंगराच्या पायथ्याशी महादेवाचं लहानसं देऊळ, त्याला लागून तानूमायचा गोठा, आणि गोठ्यात कुणाला नकोशा झालेल्या सात म्हाताऱ्या गाई. त्र्यंबक इथं आला त्याला कारण होतं. पोथीत त्यानं वाचलं होतं, घरी केलेल्या जपाचं फळ एकपट आणि गोठ्यात केलेल्याचं शतपट. मग घरी कोण बसतो?

पोथीत गोमाश्यांचं काही लिहिलेलं नव्हतं.

संकल्प अकरा दिवसांचा. सूर्य उगवल्यापासून डोक्यावर येईपर्यंत एका आसनावर, उघड्या अंगानं. माळ ओढणारा हात सोडून बाकी देह हलवायचा नाही. हलला की पुन्हा पहिल्या दिवसापासून.

पहिल्या खेपेला सातव्या दिवशी त्यानं मानेवर चापट मारली. दुसऱ्या खेपेला नववा दिवस, म्हणजे आजचाच. आसन सोडून तो देवळाभोवती धावत सुटला होता.

“करंजाचं तेल लाव अंगाला,” पदराला हात पुसत माय म्हणाली. “गाईंना लावते मी.”

“व्रतात तेल चालत नाही, माय.”

“मग निंबाच्या पाल्याचा धूर करू शेजारी?”

“धुरानं डोळे चुरचुरतात. हात डोळ्याकडे जाईल.”

“पंचा तरी घे पाठीवर.”

“उघड्या अंगानं बसेन, असा संकल्प सोडलाय.”

“हे सगळे नियम कुणी घातले रे?”

“मीच.”

“गोमाश्यांना सांगितलेस का?”

 त्र्यंबक हळूच म्हणाला, “थट्टा नका करू, माय. मला हे लवकर संपवायचंय. आई...”

मघाशी त्याच्या गावाहून चिमा कासारीण बांगड्यांची पेटी घेऊन आली होती, ती सगळं सांगून गेली होती. मुलाचं व्रत पुरं होईपर्यंत त्याच्या आईनं एकवेळच्या दूध-केळ्यावर राहायचं ठरवलं होतं. अकरा दिवसांचा म्हणून धरलेला उपास सोळा दिवसांवर गेला. काल विहिरीवर तिला घेरी आली. कळशी आत गेली. शेजारणीनं दंड धरला म्हणून ती राहिली.

“निरोप काय धाडलाय तिनं?” मायनं विचारलं.

“म्हणाली... त्र्यंबकला सांगू नका. जपात खंड पडेल.”

मायनं पदर खोचला. 

“मग जा ना घरी.”

“अर्धवट टाकून? घेतला वसा टाकू नये, हे तिनंच शिकवलंय मला. उद्यापासून पुन्हा अकरा दिवस. या खेपेला जीव गेला तरी हलणार नाही.”

“कुणाचा जीव?” माय म्हणाली. “... बरं, ये. तुला मंत्र दाखवते.”

गोठ्यामागं एक वड होता. उन्हाला भिऊन गाई त्याच्या सावलीत दाटल्या होत्या, आणि भोवती गोमाश्यांची घोंघों चालली होती. मायनं एका तांबड्या गाईकडे बोट केलं. शेपटाच्या जागी वीतभर खुंट.

“ही भुंडी. वासराला वाचवताना लांडग्यानं तोडलं.”

“मग तिनं माश्या कशा वारायच्या?”

“तिच्या तोंडाकडे बघ.”

त्र्यंबकनं पाहिलं. बाकीच्या गाई मुंड्या झटकत होत्या, कान फडफडवत होत्या. भुंडी मात्र डोळे अर्धे मिटून शांत रवंथ करत होती. चेहऱ्यावर माशी म्हणून नाही.

“हे कसं?”

“नीट बघ.”

शेजारी एक पांढरी गाय उलट्या तोंडानं उभी होती. ढवळी. तिचं शेपूट उठलं, भुंडीच्या डोळ्यांवरून, नाकावरून फिरलं आणि खाली आलं. पुन्हा उठलं. पुन्हा फिरलं. जशी देवावर चवरी ढाळावी.

भर दुपारी त्र्यंबकच्या अंगावर काटा आला.

“हिला कुणी शिकवलं?”

मायनं ढवळीच्या पाठीवरून हात फिरवला.

“आणि भुंडी बदल्यात काय देते?”

“ढवळीनं कधी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना त्र्यंबक आसनावर बसला. उन्हं चढली. कानाशी घोंघों आली. आता डसणार... त्यानं दात आवळले.

डसली नाही.

माळ फिरत राहिली. पाठीवरून मधूनच वारा गेल्यासारखं वाटे आणि घोंघों लांब जाई. त्र्यंबकची छाती भरून आली. लागला! जप लागला! सोळा दिवसांचं तप उगाच का जाईल? मिटल्या पापण्यांतून पाणी वाहिलं. माश्यासुद्धा आता आपल्याला मानू लागल्या...

सूर्य डोक्यावर आला. शेवटचा मणी ओढून त्यानं माळ कपाळाला लावली, डोळे उघडले आणि मागं वळला.

मागं तानूमाय उभी होती.

हातात निंबाची डहाळी, पानं झडून निम्मी झालेली. दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत गोमाश्यांनी फोडलेले, रक्ताचे ओघळ बोटांशी आलेले. सत्तरी उलटलेली बाई, ओठ कोरडे पडलेले.

“माय... केव्हापासून?”

“तू बसलास तेव्हापासून.”

“मला वाटलं, माझा जप...”

“वाटायचंच तसं.”

तो तिच्या पायांवर कोसळला. हुंदका आवरेना.

“वेडा आहेस,” त्याच्या डोक्यावर हात ठेवत माय म्हणाली. “मी एक दिवस उभी राहिले, तर रडतोस?”

कपाळ जमिनीला टेकलेलं तसंच राहिलं... मुंज झाल्यावर तो परसात बसून संध्या घोकायचा. उन्हाळ्यात माश्या घोंघावत. मागं आई विंझणा घेऊन बसलेली असायची. विंझण्याचा वारा त्याला आठवत होता. वळून मात्र त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

उठून त्यानं मायचे हात धुतले. करंजाचं तेल लावलं. मग माळ गोमुखीत घातली, आसनाची गुंडाळी केली, सदरा चढवला.

वाटेला लागता लागता तो थबकला. सवय लगेच कुठं सुटते?

“माय, राहिलेला जप घरीच करीन. आधी तिला चार घास भरवीन, मग तिच्या उशाशी बसून करीन. पण...”

“पण काय?”

“घरी... फळ एकपटच ना?”

माय वडाकडे बघत होती. शेपूट उठलं, भुंडीच्या डोळ्यांवरून फिरलं, खाली आलं.

“ढवळीला शेपटं किती आहेत, त्र्यंबका?”