डब्याच्या तळाशी राहिलेलं बिस्किट

बिस्किटं बोलायची, त्या काळची ही गोष्ट. मृदुलाने चॉकलेटचे लाडू करायला डबा उपडा केला, तेव्हा एक बिस्किट लाटण्याच्या भीतीने तळालाच चिकटून राहिलं. बाकीच्यांचा लाटण्याखाली चुरा झाला. सायीत मळून त्यांचे लाडू वळले, पातळ चॉकलेटात बुडवून थंड केले.

चकाकणारे लाडू पाहून बिस्किटाचा जळफळाट झाला. सकाळपर्यंत हे सगळे त्याच्यासारखेच तर होते.

“तुमच्यातला माझा शेजारी कोणता?” त्याने विचारलं.

“आता वेगळं सांगता येणार नाही,” एक लाडू म्हणाला. “मृदुला अजून लाडू वळतेय. येतोस?”

“माझ्यावर नक्षी आहे. तुमची तर पुसली गेली,” म्हणत बिस्किटाने तोंड फिरवलं.

उघड्या डब्यात ते सादळलं. पुढे मृदुलाने उचललं, तर बोटांतच त्याचा भुगा झाला. तेव्हा मिसळायला सोबत कुणीच उरलं नव्हतं.